सत्त्याऐंशी क्रमांकाचं रक्त

१८ फेब्रुवारी

आज एक लबाडी केली. छोटीशीच, पण केली. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत ती लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहितोय. तिथे काही खोडायचं तर एकच आडवी रेघ, शेजारी सही आणि कारण. इथे कोणी कारण विचारत नाही.

यकृताचा कर्करोग वेळेवर कळत नाही, आणि कळतो तेव्हा बहुतेकदा डॉक्टरांनी हात टेकलेले असतात. आमच्या मॅडमचं म्हणणं असं की गाठ दिसण्याच्या आधीच रक्तातली काही प्रथिनं वाढलेली असतात. एकेकटं प्रथिन फसवतं. चार एकत्र मोजली तर फसवणार नाहीत. हे सिद्ध करायला दोनशे जणांचं रक्त हवं, शंभर रुग्णांचं आणि शंभर धडधाकटांचं. रुग्ण मिळाले. धडधाकटांना मात्र सुई पाहिली की घरची कामं आठवतात.

फाटकावरचा वॉचमन हा आमचा सत्त्याऐंशीवा नमुना. माझ्याच वयाचा, बावन्नचा. सकाळी त्याचं रक्त घेतलं, अर्ज भरला. रक्त घेतल्यावर नळी दोन-चारदा हळूच उलटी करायची असते. मी नेमका तेव्हा फोनवर ताईशी वाद घालत होतो, आणि तिला पटवून देता देता हातातली नळी खुळखुळ्यासारखी हलवली. यंत्रात फिरवून काढली तर वरचं पिवळसर पाणी लालभडक. पेशी फुटल्या, नमुना वाया. तोवर वॉचमन ड्यूटी संपवून आठ दिवसांच्या रजेवर गेलेला. मॅडम पाचला या खेपेच्या नमुन्यांची शीतपेटी बंद करणार होत्या.

मग काय, दातांत पट्टा धरला आणि स्वतःच्याच दंडाला बांधला. वय तेच, अंगकाठी तीच, दारू दोघेही घेत नाही. धडधाकट तर धडधाकट. नळीवर लेबल त्याचं लावलं आणि उणे ऐंशी अंशांच्या पेटीत ठेवून दिली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. इथे सगळे मला ‘मोजपट्टी’ म्हणतात, ते मला तोंडावर कधी म्हणत नाहीत एवढंच.

२ मार्च

वजन चार किलोने उतरलंय. न पळता, न उपाशी राहता! हिने पँटचं बटण सरकवून दिलं आणि म्हणाली, “कोणासाठी एवढे बारीक होताय?” मी म्हटलं, शंभर धडधाकटांमागे पळायचं म्हणजे व्यायामच आहे. ती शाळेत गणित शिकवते, तिला असली उत्तरं पटत नाहीत. पण हसली.

९ एप्रिल

शंभरावा धडधाकट सापडला, एक निवृत्त पोस्टमन. मॅडमनी सगळ्यांना आइसक्रीम दिलं. मला दोन चमच्यांतच नको झालं. उजव्या बरगडीखाली गच्च वाटतं. दिवसभर बाकावर वाकून बसल्यावर दुसरं काय होणार? अंगाला खाजही सुटते, साबण बदलायला हवा.

२६ मे

मोजणी सुरू. मॅडमनी सगळ्या नळ्यांवर स्वतः नवे आकडे चिकटवलेत. कोणता रुग्णाचा, कोणता धडधाकटाचा, हे मला कळू नये म्हणून. जुळणीचा कागद त्यांच्या कपाटात कुलपाआड.

हे काम मला मनापासून आवडतं. प्लेटवर शहाण्णव छोटे खळगे, प्रत्येकात एकाचं रक्त, आणि शेवटचा थेंब टाकला की रंग चढायला लागतो. प्रथिन जितकं जास्त तितका पिवळा गडद. आज तिसऱ्या ओळीतला एक खळगा असा काही पिवळाधमक झाला की म्हटलं, ह्या बिचाऱ्याचं काही खरं नाही. रंग मात्र सुरेख आले. आकडे एकदम स्वच्छ.

१ जुलै

आज कागद उघडला. मॅडम वाचत होत्या, मी खुणा करत होतो. रुग्णांची प्रथिनं वर, धडधाकटांची खाली, एकामागून एक, ठरल्यासारखी. मॅडमचा आवाज चढत चालला होता. चार वर्षं या क्षणाची वाट पाहिली आहे त्यांनी.

“सत्त्याऐंशी,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. “हा धडधाकटांतला आहे ना? चारही वर गेलीत. खूपच वर.”

तिसऱ्या ओळीतला तो पिवळाधमक खळगा.

“कोण आहे हा?”

“फाटकावरचा वॉचमन,” मी म्हटलं. माझा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला, ह्याचंच मला नवल वाटलं.

“रक्त त्याचंच आहे ना? नळ्यांची अदलाबदल नाही झाली?”

“नाही, मॅडम.”

त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला: नमुना ज्याचा सांगितला त्याचाच आहे, असं मी प्रमाणित करतो. मी सही केली. सव्वीस वर्षं सह्याच करत आलोय.

२ जुलै

नीट विचार करू.

एक, सांगून टाकावं. मग काय होईल ते मला ठाऊक आहे, कारण तेच मी दुसऱ्याचं केलंय. नऊ वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका तंत्रज्ञ मुलीने एक राहिलेला आकडा अंदाजाने भरला होता. मी पाहिलं आणि वर कळवलं. ती रडली, माझ्या पाया पडायला आली. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. दुसऱ्या दिवशी तिचं टेबल रिकामं होतं.

दोन, गप्प बसावं. बहुतेक मोजणीच चुकली असेल. प्लेटच्या कडेचे खळगे कधीकधी फसवतात. माझा खळगा कडेचा नव्हता, पण कडेपासून फार लांबही नव्हता.

५ जुलै

वॉचमनची सोनोग्राफी झाली. काहीही नाही! यकृत लहान पोराचं असावं तसं, डॉक्टर म्हणाले म्हणे. मला इतकं हलकं वाटलं की येताना हिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. म्हणजे चाचणीच चुकली. त्याच्या पोटात काही नाही, म्हणजे घाबरण्यासारखं काहीच नाही. दोन वेळा वाढून घेतलं. नंतर उलटी झाली, पण ते अतिखाण्याने.

८ जुलै

तीन दिवसांपूर्वीचं आज वाचलं. मीच लिहिलंय ना हे? फोटो त्याच्या पोटाचा काढला आणि निश्चिंत मी झालो!

आता तिकडे काय चाललंय ते लिहितो. मॅडम म्हणतात, दोनच अर्थ निघतात. एक तर चाचणी धडधाकट माणसालाही आजारी ठरवते, मग ती कुचकामी आणि चार वर्षं पाण्यात. नाहीतर चाचणी बरोबर आहे, आणि वॉचमनची गाठ अजून दिसण्याएवढी मोठी झालेली नाही. त्यांचा कल दुसऱ्याकडे आहे. साहजिक आहे. म्हणून त्याच्यावर बारीक लक्ष ठेवायचं ठरलंय.

आणि तो माझ्यावर लक्ष ठेवून असतो. सकाळी फाटकाशी गाठतो, जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या दाराशी उभा राहतो.

“साहेब, तुम्ही माझं रक्त स्वतःच्या हाताने काढलंत. खरं सांगा, तुम्हाला तेव्हाच काही दिसलं होतं का?”

“नाही हो. रक्त बघून काही कळत नाही.”

“मॅडम म्हणतात आधी रक्तात दिसतं आणि मग पोटात. म्हणजे ते येतंय. वाटेत आहे.” त्याने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. “रात्रभर बायको माझ्याकडे बघत बसते. बघू नकोस म्हटलं तर रडते.”

मी म्हटलं, सगळं ठीक होईल. असं बोलताना मला स्वतःची शिसारी आली. दारापाशी तो उभा, आत मी. आणि ते दार आपोआप बंद होणारं आहे म्हणून मी नुसता थांबून राहिलो, ते बंद होईपर्यंत.

११ जुलै

दुपारी मॅडम बैठकीला गेल्या तेव्हा पुन्हा स्वतःचं रक्त काढलं आणि उरलेल्या रसायनांवर मोजलं. या वेळी खळगा प्लेटच्या बरोबर मधोमध. शेजारी दोन रुग्णांचे जुने नमुने ठेवले, तुलनेला.

त्या दोघांपेक्षा माझा रंग गडद आहे. फेब्रुवारीपेक्षा आकडा जवळजवळ दुप्पट.

प्लेट पिशवीत गुंडाळून कचऱ्यात टाकली, हात धुतले, पुन्हा धुतले. या खोलीला खिडकी नाही. सव्वीस वर्षांत आज पहिल्यांदा मला ते जाणवलं.

१४ जुलै

ताईकडे गेलो. गप्पांच्या ओघात विचारतोय असं दाखवून विचारलं, “आई नक्की कशाने गेली गं?”

“कावीळ. तू नऊ वर्षांचा होतास. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, आणि पोट फुगलेलं. लोकांना वाटायचं दिवस गेलेत.” ती भाजी निवडत होती, थांबली. “आज एकदम कशी आठवली?”

“अशीच.”

“चेहरा केवढा झालाय तुझा. बायको उपाशी ठेवते की काय?”

अशी कावीळ करणारा विषाणू आईकडून जन्माच्या वेळीच बाळाला मिळू शकतो, आणि चाळीस-पन्नास वर्षं यकृतात निवांत बसून राहतो. हे मी परिसंवादांच्या चित्रफिती लावता लावता शंभरदा ऐकलंय. अर्जातल्या सातव्या प्रश्नात आम्ही हेच विचारतो: घरात कोणाला यकृताचा आजार? दोनशे लोकांना मी तो प्रश्न विचारला. स्वतःला विचारला नाही, कारण मी अर्ज भरलाच नव्हता.

आणि ताई त्याच आईची.

१८ जुलै

वॉचमनचा मोठ्या यंत्रात फोटो काढला. आता एक ठिपका सापडलाय, सहा मिलिमीटरचा. फोटो वाचणारे डॉक्टर म्हणाले, “रक्तवाहिन्यांचा पुंजका असणार, जन्मजात. शंभरातल्या चार-पाच जणांना असतो. एरवी मी याच्याकडे बघितलंही नसतं.” मॅडम म्हणाल्या, “पण याची प्रथिनं वाढलेली आहेत.” त्यावर त्या डॉक्टरांनी पुढच्या तपासणीचा कागद ओढला.

ठरलं. चोवीस तारखेला सकाळी नऊ वाजता आधी पुन्हा फोटो, आणि त्याच टेबलावर बरगड्यांमधून लांब सुई घालून त्या ठिपक्याचा तुकडा काढायचा. यकृतातून. आणि तो जर खरंच रक्तवाहिन्यांचा पुंजका असेल तर सुईने आत रक्तस्राव होऊ शकतो. मॅडमना हे माहीत आहे. पण त्यांना माझा आकडाही माहीत आहे, आणि माझ्या आकड्यावर त्यांचा विश्वास आहे. मोजपट्टीचा आकडा.

२१ जुलै

एक पळवाट आहे. तीन दिवस तिच्याभोवतीच घुटमळतोय.

दुसऱ्या गावच्या दवाखान्यात जाऊन पोट दुखतंय म्हणायचं. ते फोटो काढतील, जे आहे ते सापडेल, उपचार होतील. सत्त्याऐंशीबद्दल कोणाला काही सांगायची गरज नाही. नोकरी शाबूत, नाव शाबूत.

आणि वॉचमनच्या पोटात सुई.

त्याला म्हणावं का, नाही म्हण? आज म्हणालोच. “तुमच्या मनाविरुद्ध कोणी काही करू शकत नाही. नको वाटत असेल तर सही करू नका.” तो म्हणाला, “असं कसं, साहेब? तुम्ही एवढी मेहनत घेऊन शोधून काढलंत. आता मी शेपूट घालू?” मग त्याने मला फाटकामागची त्याची रोपं दाखवली. सात डब्यांत लावलीत, तीन मिरचीची. कोणत्या डब्याला किती पाणी घालायचं ते समजावून सांगत होता. “चोवीसनंतर थोडे दिवस तुम्ही बघाल ना?”

मी हो म्हणालो. मी भित्रा आहे. हे आधी कधी कळलं नव्हतं, कारण नियम पाळायला हिंमत लागत नाही.

२३ जुलै

सकाळी मॅडमच्या खोलीत गेलो. बोलायचं ठरवून गेलो होतो, पण लिहिणं सोपं वाटलं. त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढला आणि लिहून दिलं. चार ओळी. नळी कशी हलवली, पट्टा कसा बांधला, लेबल कोणाचं, रक्त कोणाचं. खाली सही.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. फोन उचलून उद्याची सुई रद्द केली. मग मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. मी तयार होतो, खरं तर मला ते हवंच होतं.

“रजेवर होता तो. आठ दिवस,” त्या म्हणाल्या. “आठ दिवसांनी परत आला असता. मी पेटी पुन्हा उघडली असती.”

“हो, मॅडम.”

“मला विचारायचं तरी.” त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते रागाने की कशाने ते मला कळलं नाही. “घरात कोणाला यकृताचा आजार?”

“आईला असावा.”

“भावंडं?”

“एक बहीण. मोठी.”

“त्यांना उद्याच बोलवा, रक्त तपासायला.” त्यांनी माझा कागद घडी करून खणात ठेवला. “तुमचं काय करायचं ते समिती ठरवेल, मी तुम्हाला वाचवणार नाही. पण उद्या नऊची वेळ मोकळी झालीय. ती तुमची.”

खाली जाऊन वॉचमनला सांगितलं. नमुना बदलला होता, तुमचं रक्त वेगळं, तुम्हाला काहीही झालेलं नाही. तो तटकन खुर्चीवरून उठला. मग गच्च मिठीच मारली, टोपी पडली, रस्त्यावरचे लोक बघायला लागले. “म्हणजे मला काही नाही? काहीच नाही?” बायकोला फोन लावला, आणि दोघंही फोनवर एकाच वेळी बोलत होती. फोन ठेवल्यावर डोळे पुसले आणि त्याला एकदम सुचलं.

“मग ते रक्त कोणाचं, साहेब? त्या बिचाऱ्याला सांगितलंत का?”

“माझंच,” मी म्हटलं.

मला वाटलं होतं तो शिव्या घालेल. बावीस दिवस मी त्याला जिवंतपणी मारलं होतं. त्याने टोपी उचलली, झटकली, आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. “बसा आधी,” म्हणाला.

संध्याकाळी हिला सांगितलं. ती वह्या तपासत होती. सगळं ऐकून तिने लाल पेनाचं टोपण लावलं. “म्हणजे माझ्याआधी मॅडमना सांगितलंत, वॉचमनला सांगितलंत, आणि मग मला.”

“हो.”

“आणि त्या माणसाला सुई टोचणार नसते, तर?”

मी तिच्या वह्यांचा गठ्ठा सरळ करायला लागलो. तिला उत्तर मिळालं. आत जाऊन तिने दार लावून घेतलं, आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन विचारलं, “उद्या किती वाजता निघायचंय?”

२४ जुलै

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. फोटो झाला. वाचून सांगायला तासभर लागेल म्हणतात.

वॉचमन फाटकाशी उभाच होता, साध्या कपड्यांत. “सुईसाठी रजा घेतली होती,” म्हणाला, “ती वाया कशाला घालवू? आणि मला इथली वाट पाठ झालीय.” खरंच पाठ झालीय. कुठल्या लिफ्टला वेळ लागतो, कुठल्या खिडकीवर कागद द्यायचा, सगळं तोच करत होता. हिलाही त्यानेच बसायला जागा करून दिली. मला म्हणाला, “आत श्वास धरायला सांगतात. मध्येच सोडू नका, नाहीतर परत पहिल्यापासून. आणि ते टेबल गार असतं, त्याला घाबरू नका.”

नऊ वाजता नर्सने त्याचं नाव पुकारलं. यादी कोणी बदललीच नव्हती. आम्ही दोघेही उठलो. तो म्हणाला, “सिस्टर, नाव माझं आहे, पण आत हे जाणार.” तिने माझं नाव विचारलं आणि लिहून घेतलं.

टेबल खरंच गार होतं. यंत्रावरचा माणूस आधी बडबड्या होता. मी कुठे काम करतो, किती वर्षं, सगळं विचारत होता. मग बडबड थांबली. “श्वास धरा,” म्हणाला. पुन्हा म्हणाला, “श्वास धरा.” मग बाहेर जाऊन कोणाला तरी घेऊन आला, आणि दोघं काचेपलीकडे पडद्याजवळ वाकले. मी सव्वीस वर्षं काचेच्या त्या बाजूला होतो. माणसं तशी कधी वाकतात ते मला माहीत आहे. मॅडमची चाचणी बरोबर आहे.

बाहेर आलो तर ही आणि वॉचमन, दोघंही उभी होती.

“काय म्हणाले?” वॉचमनने विचारलं.

“काही नाही. थांबा म्हणाले.”

“थांबा? पहिल्या वेळी मला तर टेबलावरून उठायच्या आधीच सांगितलं होतं, काही नाही म्हणून,” तो बोलून गेला. मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं, आणि तो खाली बघायला लागला. हिने कालपासून पहिल्यांदा माझा हात हातात घेतला.